घर घेण्याचा निर्णय: उतावळ्याने काय करायचं, थंड डोक्याच्या माणसाने काय

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घर घेताना चुका दोन टोकांच्या होतात. रविवारी दुपारी घोडबंदर रोडला ‘सहज बघून येऊ’ म्हणून निघालेलं कुटुंब संध्याकाळी टोकन देऊन परततं. दुसरं कुटुंब चार वर्षं खारघर, उलवे, घणसोली, कोलशेत पालथं घालतं आणि तरी भाड्याच्याच घरात असतं. एक्सेलच्या तक्त्यात तेवढा एकेक रकाना वाढत जातो. पहिल्याला लोक उतावळेपणा म्हणतात, दुसऱ्याला शहाणपणा. नुकसान दोघांचंही होतं, फक्त दुसऱ्याचं पावतीवर दिसत नाही.

‘जरा शांत हो’ किंवा ‘आता ठरव एकदाचं’ असं सांगून कोणाचाही स्वभाव बदलत नाही. बदलता येतो तो कामांचा क्रम आणि कोणतं काम कोणाकडे, हे. बहुतेक घरांत नेमकं उलटं वाटप झालेलं असतं: बोलणी उतावळा माणूस करतो, आणि घरात शिरताक्षणी काय वाटलं हे विचारलं जातं अशा माणसाला, ज्याला चटकन काही वाटतच नाही. पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. एकट्याने घर घेत असाल तर दोन्ही भूमिका तुमच्याच, पण एकाच दिवशी दोन्ही करायच्या नाहीत.

टप्पा १: स्वभाव मागच्या खर्चांवरून ओळखा

‘मी थंड डोक्याने विचार करतो’ असं प्रत्येकालाच वाटतं, म्हणून स्वतःबद्दलच्या मतावर जाऊ नका. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर गेल्या पाच वर्षांतले तीन मोठे खर्च लिहा: गाडी, सोनं, मुलांची शाळा, विमा, सोफा, काहीही. प्रत्येकापुढे तीन नोंदी करा. मनात आल्यापासून पैसे देईपर्यंत किती दिवस गेले? किती पर्याय प्रत्यक्ष पाहिले? नंतर चुटपुट कशाची लागली, घेतल्याची की हातचं निसटल्याची?

घेतल्याची चुटपुट वारंवार दिसत असेल तर तो माणूस उतावळा. निसटल्याची दिसत असेल तर थंड डोक्याचा. पण तीनही खर्च सारखे निघतीलच असं नाही. मोबाइल घ्यायला महिनाभर रिव्ह्यू वाचणारा माणूस घराच्या दारात विरघळतो, कारण मोबाइलशी त्याचं लहानपण जोडलेलं नसतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांनी काढलेल्या दिवसांशी असतं. घराच्या बाबतीत आपण कसे वागतो, एवढंच इथे महत्त्वाचं.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. अलिप्तपणा आणि चालढकल बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोघंही घाई करत नाहीत, दोघंही आणखी माहिती मागतात. फरक एका प्रश्नाने कळतो: ‘नेमकं काय कळलं तर तुम्ही उद्या हो म्हणाल?’ अलिप्त माणूस उत्तर देतो: ‘ओसी (इमारतीत राहायला देण्याचा अधिकृत दाखला) आली आणि भाव पाच लाखांनी उतरला तर.’ चालढकल करणारा म्हणतो, ‘बघू, अजून थोडं बघायला हवं.’ त्याच्या थंडपणाखाली भीती असते, आणि भीती माहितीने कमी होत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाका: भावना पूर्ण बाजूला ठेवली की निर्णय चांगला होतो, हा. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा न्यूरोलॉजिस्ट अँतोनियो दामासिओ यांनी अभ्यास केला. अशा रुग्णांची बुद्धी आणि स्मरण शाबूत होतं, भावना मात्र बोथट झाल्या होत्या, आणि रोजचे साधे निर्णयही त्यांना धड घेता येत नव्हते. घरातल्या उतावळ्या माणसाला गप्प बसवू नका. त्याला योग्य जागी बोलू द्या.

तपासा: दोघांनी एकमेकांचे कागद वाचले का? ‘अहो, सोफा आपण त्याच दिवशी घेतला होता’ असं काही निघालं तर लगेच दुरुस्त करा. वाद घालू नका.

टप्पा २: आकडा, साइट बघण्याच्या आधी

हे काम थंड डोक्याच्या माणसाचं. उतावळ्याने शेवटी फक्त सही करायची. आकडा घरी, ऐन कामाच्या दिवशी रात्री, जेवणानंतर ठरवा. साइटवरच्या वातानुकूलित ऑफिसात समोरचा कॅल्क्युलेटर बडवत असतो तेव्हा ठरवलेला आकडा तुमचा नसतो.

उदाहरण म्हणून ठाण्यातला बांधकाम चालू असलेला ८५ लाखांचा फ्लॅट घ्या.

– जीएसटी ५ टक्के: ४,२५,०००
– मुद्रांक शुल्क ७ टक्के: ५,९५,०००
– नोंदणी शुल्क: ३०,०००

म्हणजे ८५ लाखांवर साडेदहा लाख वर, आणि यात पार्किंग, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, लाकूडकाम, पंखे काहीच धरलेलं नाही. ओसी मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही. घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवराबायकोच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या वतीने आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची. तो किमतीतूनच कापायचा, पण भरायचा राहिला तर व्याज आणि दंड तुमच्या माथी.

कर्ज किती मिळेल? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्क्यांपर्यंत, त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. मुद्रांक आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. ही कमाल मर्यादा आहे, बँक कमीही देऊ शकते; ८५ लाखांच्या घरावर ७५ टक्क्यांनी ६३,७५,००० कर्ज घेतलंत तर २१,२५,००० आणि वरचे साडेदहा लाख मिळून ३१,७५,००० स्वतःचे हवेत. ‘वीस टक्के भरले की झालं’ हे ऐकून टोकन देणारे इथेच अडकतात, मग दागिने मोडतात किंवा वैयक्तिक कर्ज काढतात.

हप्त्याचा हिशोब असा: ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी दर लाखाला महिना ८६८ रुपये. वरच्या कर्जाला सुमारे ५५,३००. व्याज एक टक्क्याने वाढलं तर ५९,४००. दोन्ही आकडे लिहा आणि दुसरा झेपतो का ते बघा. पझेशन मिळेपर्यंत भाडंही चालूच राहणार आहे, ते त्यात मिळवा. मग दोन आकडे ठरवा: सगळं धरून जास्तीत जास्त खर्च, आणि घरखर्चाचे सहा महिन्यांचे न मोडायचे पैसे. दोघांच्या सह्या, तारीख, कागद फ्रिजवर.

सावधान: हा कागद साइटवर किंवा गाडीत बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर घरी, मध्ये एक रात्र गेल्यावर, दोघांच्या सहीने. उतावळ्या मनाची पहिली उडी नेहमी ‘फक्त चार लाखच जास्त आहेत’ अशी असते.

टप्पा ३: अटी मोजता येतील अशा लिहा

‘स्टेशन जवळ हवं’ ही अट नव्हे, इच्छा आहे. ‘सकाळी ८ वाजता दारातून निघून ४० मिनिटांत ठाणे स्टेशनच्या फलाटावर’ ही अट. ‘पाणी चांगलं हवं’ ऐवजी ‘मे महिन्यातल्या टँकरच्या बिलांसह सोसायटीचा हिशोब बघायला मिळाला पाहिजे’. तीन अटी ‘याशिवाय नाही’ अशा, तीन ‘हे असेल तर नाही’ अशा. त्याहून जास्त लिहिल्यात तर कुठलंच घर बसणार नाही, आणि चालढकल करणाऱ्याला हवी ती पळवाट मिळेल.

भविष्यावर टाकलेल्या गोष्टी वेगळ्या रकान्यात ठेवा. चालू झालेली बेलापूर–पेंधर मेट्रो किंवा उरणपर्यंत गेलेली लोकल आज वापरून बघता येते. नकाशावर तुटक रेषेने दाखवलेला रस्ता येत नाही. त्या रेषेसाठी आज पैसे मोजायचे असतील तर ‘ही रेषा पाच वर्षांनी उशिरा आली तरी हे घर परवडेल का’ या प्रश्नाला हो आलं पाहिजे.

याच कागदावर शेवटची तारीखही लिहा. बारा आठवडे आणि जास्तीत जास्त पंधरा घरं हे प्रमाण बहुतेकांना पुरतं. पंधरानंतर तुलना होत नाही, नुसती सरमिसळ होते. ही तारीख उतावळ्यासाठी नाही, दुसऱ्यासाठी आहे. त्या दिवशी हाती आलेल्या घरांतलं, सहाही अटींत बसणारं, सर्वांत बरं घर घ्यायचं. एकही बसत नसेल तर शोध सहा महिने थांबवून भाड्याचा करार वाढवायचा. थांबणं हासुद्धा तारीख घालून घेतलेला निर्णय असावा.

टप्पा ४: घर बघणं, दोन वेगळ्या फेऱ्यांत

पहिली फेरी उतावळ्याची. उजेड, वारा, जिन्यातला वास, शेजाऱ्यांच्या दारातल्या चपला, लिफ्टमध्ये लोक एकमेकांशी बोलतात का, हे त्याला क्षणात कळतं. घरातून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत, कोणाशी बोलायच्या आधी, त्याने पाच ओळी लिहाव्यात किंवा फोनवर बोलून ठेवाव्यात. ‘छान आहे’ चालणार नाही. काय छान आहे ते हवं. या ओळींचा उपयोग टप्पा ५ मध्ये आहे.

सॅम्पल फ्लॅटमध्ये मात्र या पहिल्या नजरेवर विश्वास ठेवू नका, कारण तो फ्लॅट त्या नजरेसाठीच सजवलेला असतो. आतले दरवाजे काढलेले, पलंग नेहमीपेक्षा आखूड, भिंतभर आरसे, दुपारीही सगळे दिवे चालू. टेप घेऊन जा. सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग ठेवून कपाटाचं दार उघडतं का ते जमिनीवर मोजा. वॉशिंग मशीन कुठे, कपडे वाळत कुठे, देव्हारा कुठे, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

दुसरी फेरी थंड डोक्याच्या माणसाची, किमान तीन दिवसांनी, कामाच्या दिवशी. कासारवडवली किंवा मानपाड्याचं घर असेल तर सकाळी साडेआठला तिथून ऑफिसपर्यंत खरंच जाऊन बघा. रविवारच्या रिकाम्या घोडबंदरवर घेतलेला वेळ काहीच सांगत नाही. तळोजा, खारघरला पाणी येण्याची वेळ आणि टँकर किती येतात ते वॉचमनला आणि खालच्या किराणावाल्याला विचारा, एजंटला नको. रात्री दहाला स्टेशनपासून रिक्षा मिळते का? एक फेरी पावसात जमली तर फार चांगलं: पार्किंगमध्ये साचलेलं पाणी आणि भिंतीवरची ओल लपवता येत नाही.

दोघांनाही लागू असलेले नियम: पोट भरून जा, दिवसात दोनपेक्षा जास्त घरं बघू नका, सासूसासरे किंवा मित्र पहिल्या फेरीला नकोत. लोकांसमोर ‘नाही परवडत’ म्हणायला जड जातं, आणि त्या संकोचापोटी दिलेली टोकनं कमी नाहीत. चेकबुक घरी ठेवून उपयोग नाही, पैसे आता फोनमधून जातात. बँकेच्या ॲपमध्ये सोय असेल तर आदल्या रात्रीच यूपीआयची रोजची मर्यादा पाच हजारांवर आणा.

मुहूर्ताबद्दलही बोलायला हवं. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की ‘आजच्या दिवसापुरतं’ हे वाक्य वाढतं. मुहूर्त पाळायचा असेल तर जरूर पाळा, पण तो पैसे देण्याचा मुहूर्त ठेवा. ठरवणं आधीच झालेलं असू द्या. घरं बघायला पितृपक्षाचा पंधरवडा उत्तम: घेण्याचा विचार तेव्हा आपोआप बाजूला असतो, साइटवर गर्दी नसते आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळतं.

टप्पा ५: तीन रात्री आणि एक कागद

घर दोघांना आवडलं तरी तीन रात्री काही कबूल करायचं नाही. या दिवसांसाठी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ साली जोसेफ प्रीस्टली यांना पत्रातून कळवलेली रीत चांगली चालते. कागदाच्या मधोमध रेघ मारून एका बाजूला घेण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न घेण्याची. एका बैठकीत लिहून संपवायचं नाही. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जायचं, कारण आनंदात असताना एका बाजूची कारणं सुचतात आणि थकलेलो असताना दुसऱ्या बाजूची. मग सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडायची. एका मोठ्या कारणासमोर दोन लहान खोडली तरी चालतील. उरेल ते बघायचं.

पहिल्या फेरीतल्या पाच ओळी आता काढा. तिसऱ्या रात्रीही त्या खऱ्या वाटतात का? ‘बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसतात’ ही ओळ तिसऱ्या दिवशीही तितकीच हवीहवीशी असेल तर ती लहर नव्हती. तिला किंमत द्या. फिकी पडली असेल तर खोडा.

शेवटी दोघांनी वेगवेगळं लिहायचं: ‘हे घर घेतलं आणि दोन वर्षांत पस्तावलो. का?’ नुसती ‘काय काय चुकू शकतं’ अशी चर्चा केली की उत्तरं मोघम येतात. पस्तावलोच आहोत असं धरून लिहिलं की नेमकी येतात: ‘आईला चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडल्यावर चढता आलं नाही.’

तपासा: उतावळ्याच्या कागदावर न घेण्याची किमान तीन कारणं, आणि थंड माणसाच्या कागदावर घेण्याची किमान तीन कारणं आहेत का? नसतील तर विचार अजून झालेला नाही.

टप्पा ६: कागदपत्रं

महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक संस्थेच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्ण होण्याची तारीख, ती किती वेळा वाढवली, मंजूर मजले, बोजा आणि चालू खटले बघा. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेतच मोजा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीतल्या गेल्या वर्षभराच्या व्यवहारांची इंडेक्स-२ (नोंदलेल्या व्यवहाराचा किमतीसह सारांश) बघा. उतावळं डोकं थंड करायला ‘खालच्या मजल्याचा फ्लॅट सहा लाखांनी स्वस्त गेला’ यापेक्षा चांगला उपाय नाही. नवी मुंबईत शोधताना जिल्हा नीट निवडा: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर, कामोठे, उलवे, पनवेल रायगडमध्ये. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचं जुनं घर असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क कोण भरणार ते आधीच लिहून घ्या. गावठाणातल्या स्वस्त इमारतींना सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आणि ओसी आहे का, हे कागदावर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका; ‘इथे सगळे असेच राहतात’ हे उत्तर नाही.

वकिलाला करार दाखवा, आणि असा वकील स्वतः शोधा, बिल्डरने सुचवलेला नको.

टप्पा ७: बोलणी

बोलायचं थंड डोक्याच्या माणसाने. उतावळ्याने बरोबर यायचं असेल तर एकच काम: पाणी पिणं. ‘अगं, हाच हवा ना आपल्याला?’ हे एक वाक्य समोरच्याने ऐकलं की भाव तिथेच गोठतो.

‘सर, आणखी एक पार्टी संध्याकाळी टोकन देतेय.’ याला उत्तर: ‘देऊ द्या, आम्ही गुरुवारी कळवू.’ ‘मॅनेजरकडून खास तुमच्यासाठी घेतोय, पण आजच.’ याला: ‘तोच भाव तारखेसह ईमेल करा.’ ईमेल येत नसेल तर तो भाव नव्हताच. आपला आकडा एकदा सांगितला की गप्प बसा. शांतता असह्य होऊन स्वतःच दोन लाख वाढवणारे लोक असतात. थंड माणसाला ती शांतता टोचत नाही, म्हणून तर त्याला पुढे बसवायचं.

थंड माणसाचा धोकाही ओळखा: तो शेवटच्या पन्नास हजारांसाठी महिनाभर ताणतो आणि घर जातं. फ्रिजवरच्या आकड्यात बसलं की थांबायचं.

टप्पा ८: टोकन आणि पहिले पंधरा दिवस

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ८५ लाखांवर साडेआठ लाख. तेवढेही एकदम देऊ नका. पैसे दिलेत की कच्च्या पावतीवर समाधान मानू नका, वाटपपत्र (फ्लॅट तुमच्यासाठी ठेवल्याचं बिल्डरचं पत्र) मागा. महारेराच्या नमुन्याप्रमाणे वाटपपत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर काही कापलं जात नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. ८५ लाखांवर सोळाव्या दिवसाची किंमत ८५,००० रुपये आहे.

सावधान: बुकिंग फॉर्मवर ‘टोकन परत मिळणार नाही’ असं छापलेलं असेल तर सही करू नका, नमुन्याप्रमाणे वाटपपत्र द्या म्हणा. टाळाटाळ केली तर उठा.

हे पंधरा दिवस ‘पदरी पडलं पवित्र झालं’ म्हणत पेढे वाटण्यात घालवू नका. पहिल्या पाच दिवसांत बँकेची कर्जमंजुरी, दहाव्या दिवसापर्यंत वकिलाचं लेखी मत. बाराव्या दिवशी दोघं पुन्हा बसा: फ्रिजवरचा आकडा, सहा अटी आणि ‘पस्तावलो’चे दोन कागद समोर ठेवून. नवीन काही कळलं नसेल आणि फक्त धाकधूक वाटत असेल तर पुढे जा. एवढ्या मोठ्या रकमेला धाकधूक होतेच. एखादी अट मोडली असेल, कर्ज कमी मंजूर झालं असेल किंवा वकिलाने हरकत काढली असेल तर तेराव्या दिवशी रद्द करायचा ईमेल पाठवा, त्याच दिवशी पत्र ऑफिसात देऊन प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि फोनवर कोणी ‘उद्या भेटून बोलू’ म्हणालं तरी शिक्का घेतल्याशिवाय घरी परतू नका.